मदत हवी आहे: १९७८ च्या कॉर्व्हेटला ७००आर४ गिअरबॉक्स बसवू की २००-४आर?

नमस्कार मंडळी. मी ऑस्टिनला असतो. माझ्या १९७८ च्या कॉर्व्हेटमध्ये ३५० क्युबिक इंचाचं इंजिन, तीन गिअरचा टीएच३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलला ३.५५ चा रेशो आहे. हायवेवर ताशी ६५ मैलांना इंजिन तीन हजार आरपीएमच्या आसपास ओरडत राहतं. लांबच्या प्रवासात कान किटतात, पेट्रोलही जातं. म्हणून ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरू देणारा चौथा गिअर, हवाच.

७००आर४ चा पहिला गिअर ३.०६ चा, चौथा ०.७०. पण तो लांबीला जवळपास तीन इंच जास्त, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा दांडा) कापावा लागणार. २००-४आर चे २.७४ आणि ०.६७. लांबी जवळजवळ टीएच३५० इतकीच, फक्त माउंट (गिअरबॉक्स टेकवायची जागा) बराच मागे येतो. ३.५५ ला मला हाच बरा वाटतो.

खरी धास्ती टीव्ही केबलची, म्हणजे कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या थ्रॉटल व्हॉल्व्ह केबलची आहे. कार्ब्युरेटर मूळचा क्वाड्राजेट. केबलची ओढ चुकली की गिअरबॉक्समधलं तेलाचं प्रेशर कमी पडतं आणि क्लच जळतात, दुरुस्तीला वेळही मिळत नाही. कुणी हे स्वतः केलंय का? ब्रॅकेट कोणता लावलात, प्रेशर गेज जोडून तपासलंत का? आणि क्रॉसमेंबरचं (गिअरबॉक्सचा माउंट ज्यावर बसतो त्या आडव्या पट्टीचं) काय केलंत? फोटो असतील तर कृपया टाका.