अवतार: देवाचा, खेळाडूचा आणि घरातल्या पोराचा

नील स्टीव्हन्सनची १९९२ची ‘स्नो क्रॅश’ वाचतोय. चष्मा लावला की माणूस ‘मेटाव्हर्स’ नावाच्या संगणकी जगात शिरतो आणि तिथे जे शरीर घेऊन हिंडतो, त्याला कादंबरीत ‘ॲव्हटार’ म्हटलंय. मराठीत लिहिताना सरळ ‘अवतार’ लिहावं का? माझी अडचण अशी की हा शब्द वाचला की मला विष्णू आठवत नाही, आई आठवते. ‘काय हा अवतार! आधी केस विंचर!’

— लिहा की बिनधास्त, शब्द घरचाच आहे. ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, ओलांडणे. देव खाली उतरला तो अवतार. आपलं ‘उतरणे’सुद्धा त्याच धातूचं, फक्त उपसर्ग ‘उद्’. गंमत पाहा, पुस्तकातून जसाच्या तसा घेतलेला मजकूर म्हणजे ‘अवतरण’ आणि तोच ‘उतारा’ही. तलाठ्याकडचा सातबाराचा उताराही याच घरातला.

आणि तुमच्या आईंचा अर्थ परका समजू नका. देवाचा अवतार म्हणजे धारण केलेलं रूप. दशावतारी नाटकात रंग लावून, मुकुट चढवून नट उभा राहतो तेही धारण केलेलंच रूप. तिथून विस्कटलेल्या पोरापर्यंत यायला कितीसा वेळ लागतो? संगणकातला अर्थ मला देवापेक्षा या पोराच्या जवळचा वाटतो: बाहेरून दिसतं ते ध्यान. कादंबरीत ज्यांना स्वतःचं रूप घडवता येत नाही ते दुकानातून तयार साच्यातले अवतार आणतात, आणि जाणकार त्यांना लगेच ओळखून नाक मुरडतात. एक नियमही आहे: अवतार तुमच्या खऱ्या उंचीपेक्षा उंच करता येत नाही. वामनाला तिथे प्रवेश मिळाला नसता!

— एक दुरुस्ती. या अर्थाने ‘अवतार’ स्टीव्हन्सनने पहिल्यांदा वापरला असं सर्रास सांगितलं जातं. त्यालाही तसंच वाटत होतं. कमोडोर ६४ संगणकावरच्या लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ खेळात हा शब्द आधीच आला होता, हे त्याला मागाहून कळलं आणि ते त्याने पुस्तकाच्या ऋणनिर्देशात कबूल केलंय. ‘मेटाव्हर्स’ मात्र त्याचाच. पुढे २०२१ मध्ये फेसबुकच्या कंपनीने नाव बदलून ‘मेटा’ केलं, ते त्याच्याच जिवावर.

— ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ला ‘आभासी वास्तव’ म्हणतात ते मला खटकायचं. शाळेत आरशाच्या धड्यात वास्तव प्रतिमा आणि आभासी प्रतिमा या एकमेकींच्या विरुद्ध शिकलो. वास्तव प्रतिमा पडद्यावर घेता येते, आभासी घेता येत नाही. मग एकाच शब्दात दोघींचा संसार कसा? शिवाय मराठीत ‘भास’ झाला म्हणजे डोक्यावर परिणाम झाल्याची शंका. इंग्रजी ‘व्हर्च्युअल’मध्ये ‘जवळपास तसंच’ असा अर्थ आहे, फसवणूक नाही.

पण त्यासाठी डोळ्यांवर चढवतात तो हेडसेट उघडून पाहिला आणि मत बदललं. डोळ्यांपासून चार बोटांवर छोटा पडदा, मध्ये बहिर्गोल भिंग. पडदा भिंगाच्या नाभीच्या आत, म्हणजे आपल्याला दिसते ती लांबवरची, मोठी झालेली आभासी प्रतिमाच. पाठ्यपुस्तकातली, अगदी व्याख्येबरहुकूम. तेव्हापासून मी तक्रार सोडली.

‘इमर्सिव्ह’साठी मात्र ‘विसर्जित’ नको, गणपतीच डोळ्यांपुढे येतो. ‘निमग्न’ घ्या. त्यातला ‘मज्ज्’ आणि इंग्रजी शब्दातला लॅटिन ‘मेर्ग’ हे मुळात एकच, बुडणे. बोलताना तर ‘खेळात पार बुडालाय’ एवढं पुरतं.

— आणि नाव? ‘स्नो क्रॅश’चं ‘हिमपात’ करू नका हो, कुठेतरी केलेलं पाहिलंय. इथला ‘स्नो’ म्हणजे सिग्नल गेल्यावर टीव्हीच्या पडद्यावर नाचणारे काळे-पांढरे ठिपके. संगणक बंद पडताना पडद्यावर तसा कचरा उमटायचा, त्यावरून हे नाव. कादंबरीत तसलंच चित्र बघून एका प्रोग्रामरचा मेंदूच बसतो. आपल्याकडे बर्फ कुठला? गच्चीवर एकजण अँटेना फिरवतोय आणि खालून आम्ही ओरडतोय, ‘अजून मुंग्याच आहेत, अजून थोडं डावीकडे!’