भोंग्याची चाचणी: गरज की नुसता गोंगाट?

कृष्णाकाठ (सांगली): काल इथंच एकानं लिहिलं, '७ मे २०२५ ला देशभर हवाई हल्ल्याच्या सरावाचे भोंगे वाजवून सरकारनं नुसती भीती घातली. बरं झालं, सातारा-सांगली सरावाच्या यादीत नव्हते.' डोकंच फिरलं. यात बरं काय झालं? वर १०५ टीएमसीचं कोयना धरण, खाली आपण, आणि वगळल्याचा आनंद! खालीवर होणारा आवाज म्हणजे धोका, एकसुरी म्हणजे धोका टळला. गल्लीत चौघांना विचारून बघा. हे काय विमानं आल्यावर शिकायचं?

वाईकरीण: 'एकानं' नाही, मीच लिहिलंय. सासूबाई ऐंशीच्या. १९७१ ला मुंबईत होत्या, काचांना काळे कागद लावलेले. मे महिन्यात चॅनेलवाल्यांनी बातम्यांत भोंगा वाजवला, तर देवापुढचं निरांजन विझवून घरभर दिवे मालवत फिरल्या. रात्रभर झोप नाही. शेवटी १० मेला सरकारलाच चॅनेलांना सांगावं लागलं, तो आवाज वापरू नका.

कृष्णाकाठ: म्हणजे राग चॅनेलवर, मार भोंग्याला! उलट सासूबाईंनाच कळलं काय करायचं ते. आम्ही २०१९ च्या पुरात 'आयर्विन पुलाला किती फूट पाणी?' एवढंच विचारत बसलो. गाडी ओरडत गेली, शब्द एक कळला नाही. सामान माडीवर चढवेपर्यंत पाणी उंबऱ्यात.

पलूसचा पाव्हणा: भोंगा बघायचा तर मोहित्यांच्या वडगावला या. संध्याकाळी ७ ला वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला.

मिरजकर: आमच्या गावानं नक्कल केली. महिन्याभरात भोंगा झाला की पोरं मोबाईल घेऊन गच्चीवर. रोज वाजवलं की कोण भीक घालतंय?

पलूसचा पाव्हणा: मोबाईल पोरांना भोंग्यानं घेऊन दिला का?

मिरजकर: घरापर्यंत जायचं काम नाही. तुमची पोरं कलेक्टर झाली का दीड तासात?

पलूसचा पाव्हणा: निदान आईबापाशी जेवताना बोलतात तरी.

कृष्णाकाठ: अहो, युद्धाचं चाललंय! मोबाईलचं भांडण दुसरीकडं न्या.

वाईकरीण: बरं बाबा, घ्या चाचणी. पण आदल्या दिवशी सांगा, दोन्ही आवाज ऐकवा. आणि वाजल्यावर जायचं कुठं? आमच्या आळीत पत्र्याची घरं. तळघर काय तुम्ही बांधून देणार?

कृष्णाकाठ: हा प्रश्न मात्र रास्त आहे. पोस्टमध्ये हाच विचारला असता तर एवढं लिहावं लागलं नसतं.

मिरजकर: वेळ तेवढी सातची नको. वडगावकर टीव्ही बंद करून पाढे म्हणत बसतील.