झालरीची कॉलर आणि खळ

सोळाव्या शतकातल्या युरोपात गळ्याभोवती घालत ती गोल चुणीदार कॉलर (रफ) अंगरख्यालाच शिवलेली असायची, त्यामुळे धुणं अशक्य होतं, असं काही जण म्हणतात. शिवलेली असे हे सुरुवातीच्या छोट्या झालरीपुरतं खरं, पण तीही आतल्या सदऱ्याच्या लिननलाच असे आणि सदऱ्याबरोबर धुतली जाई. पुढे मोठी झालेली रफ वेगळीच असे, टाचण्यांनी किंवा नाड्यांनी बसवलेली. मखमल, रेशीम धूत नसत, फक्त झटकून ब्रशने साफ करत. अंगालगतचं लिनन मात्र राखेच्या क्षारपाण्यात धुतलं जाई.

खरी मेहनत धुतल्यानंतरची. धुण्याने चुण्या पार मोडतात, म्हणून दर वेळी खळ देऊन नव्याने घडवायच्या. खळ शिजवण्याची कला लंडनमध्ये 1564 च्या सुमारास फ्लेमिश (आजच्या बेल्जियमच्या भागातल्या) बायकांकडून आली; डिंघेन व्हान डेर प्लासे ही बाई तर फी घेऊन शिकवायची. ओलसर झालरीत तापलेली सळई घालून एकेक चुणी वळवायची. सळई फार तापली तर खळ करपून डाग पडतो, कमी तापली तर चुणी उभीच राहत नाही. आणि पाऊस आला की सगळं लोंबकळतं. खळ बहुधा गव्हाची, पण एका रानटी कंदाचीही करत; तिने धोबिणींचे हात फोडांनी भरत, असं इंग्रज वनस्पतितज्ज्ञ जॉन जेरार्डने 1597 च्या वनस्पतिग्रंथात नोंदवलंय. हा कंद आपल्या अळूच्याच कुळातला, तेव्हा खाज कुठून येते ते सांगायला नको!