बाबांना काठी घेऊन चालता येईल असा शांत समुद्रकिनारा सुचवा

कोथरूडकर
पुण्याहून दोन रात्रींसाठी जायचंय. आम्ही दोघं, माझे आई-बाबा आणि ४ वर्षांची लेक. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. सपाटीवर काठीने चालतात, पण कोरड्या वाळूत काठी रुतते. मागच्या डिसेंबरात एका गाजलेल्या किनाऱ्यावर गेलो होतो. वाळूत पळवायच्या त्या चारचाकी गाड्या इतक्या जवळून जात होत्या की लेक अर्ध्या तासात रडकुंडीला आली. बाबा दोन्ही दिवस खोलीच्या गॅलरीत बसून राहिले. "तुम्ही जाऊन या, मला दिसतोय की इथून समुद्र," म्हणाले. दिसत नव्हता, मध्ये पाण्याची टाकी होती. त्यांचं लहानपण रत्नागिरीत गेलंय. या वेळी त्यांचे पाय पाण्याला लागावेत, एवढंच हवंय.

भटका_जीव
गुहागर. किनारा लांबलचक आणि गावाला अगदी लागून, व्याडेश्वराचं देऊळही जवळच. पण पुण्याहून लांब पडतं, आणि लेकीला गाडी लागत असेल तर कुंभार्ली घाट जड जाईल.

रोठा
ताई, श्रीवर्धनला जा. माझं आजोळ तिथलं. किनाऱ्याला लागून धूपप्रतिबंधक बंधारा आहे, त्यावर चालायला फरसबंद वाट आणि बसायला बाकं. वाळूत पाऊल न टाकताही बाबांना समुद्रासमोर बसता येईल. माझी आजी शेवटची काही वर्षं रोज संध्याकाळी तिथेच जाऊन बसायची.

पण त्यांचे पाय पाण्याला लागायला हवे असतील, तर खोली ठरवायच्या आधी पंचांग बघा. आजीने शिकवलेला हिशोब सांगते: तिथीची पाऊणपट करायची, येईल त्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे ऐन संध्याकाळी पाणी वर आलेलं आणि चालायला वरची भुसभुशीत वाळूच तेवढी उरलेली. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती, आणि साडेपाच-सहाला पूर्ण ओहोटी. घड्याळ थोडं पुढेमागे होतं, पण दिवस निवडायला हा हिशोब पुरतो. चतुर्दशी ते प्रतिपदा यातले दोन दिवस धरा, शक्यतो आडवारी. दिवाळी आणि ३१ डिसेंबर टाळा.

ओहोटीला उघडी पडलेली पुळण इतकी घट्ट असते की गावातली पोरं तिच्यावर सायकली चालवतात. काठीचा नुसता ठसा उमटतो, रुतत नाही. बंधाऱ्याखालचा कोरडा पट्टा मात्र ओलांडावाच लागतो. तिथे काठी कामाची नाही, दोघांनी दोन बाजूंनी हात द्या. आजीला आम्ही असंच न्यायचो. ओल्या वाळूवर आली की ती स्वतःच आमचे हात सोडायची.

लेकीला तिथे पाय न वाजवता उकिडवं बसायला सांगा. मिनिटभरात बिळांतून नखाएवढे खेकडे बाहेर येतात. वाळू तोंडात घालतात, त्यातलं खाण्याजोगं घेतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी बाजूला टाकतात. बिळाभोवती या गोळ्यांच्या रांगा अशा पसरतात की रांगोळीच वाटावी. माझा भाचा अंधार पडेपर्यंत हलला नव्हता.

राहायला सुपारीच्या वाडीतलं घरगुती ठिकाण बघा. तळमजल्याची खोली आणि कमोड, दोन्ही फोनवरच विचारून घ्या. जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिथल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या मामांच्या वाडीतून त्या दिवसानंतर थेट रस्ता दिसायला लागला. नव्या सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, तोवर कित्येक घरं दोन खोल्यांच्या भाड्यावर तगली. म्हणून मी प्रत्येकाला घरगुतीतच राहा म्हणते.

रस्ता ताम्हिणी, माणगाव, म्हसळा. साधारण १६० किलोमीटर.

शेखाडीमार्गे
रोठा यांच्याशी सहमत. एक भर: श्रीवर्धनहून शेखाडीमार्गे दिवेआगरला गाडीने नक्की जा. बराच रस्ता समुद्राच्या कडेकडेनेच जातो, बाबांना खिडकीत बसून सगळं दिसेल. हरिहरेश्वरला देवदर्शन करा, पण प्रदक्षिणेच्या वाटेवर त्यांना नेऊ नका. पायऱ्या, मग ओले खडक, आणि भरतीच्या वेळी तर ती वाट धोक्याचीच.

कोथरूडकर
बाबांना हे मोठ्याने वाचून दाखवलं. 'पाऊणपट' म्हणताच पुढचं त्यांनीच सांगितलं आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. आता अमावास्येच्या आदल्या दिवशी निघायचं म्हणतायत. लेकीला पाण्यात कितपत जाऊ देऊ?

रोठा
तिच्या पोटरीपर्यंत, त्यापुढे नको. मोठ्या माणसाने तिचा हात धरून समुद्राच्या बाजूला उभं राहायचं, किनाऱ्याच्या नाही. जीवना बंदराच्या टोकाला होड्यांची ये-जा असते, तिकडे नेऊ नका. आणि अमावास्येची भरती मोठी असते. पाणी फिरलं की खेळ थांबवून आधी बाबांना बंधाऱ्यावर पोचवा, त्यांना कोरडा पट्टा ओलांडायला वेळ लागेल.