पोर्ट दिसून लगेच नाहीसा होत असेल तर

सीएच340 ही यूएसबी-सिरियल चिप असलेला बोर्ड लिनक्स संगणकाला जोडला की त्याचा सिरियल पोर्ट दिसून लगेच जातो, या प्रश्नावर वर दोन सल्ले आले आहेत: ड्रायव्हर नव्याने कंपाइल करा आणि स्वतःला डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या गटात) घाला. यातला ड्रायव्हर कंपाइल करण्याचा सल्ला मला पटत नाही, कारण सीएच341 नावाचा तो ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) आधीपासूनच असतो. डायलआउट गटाचा मुद्दा बरोबर आहे. मात्र परवानगी नसल्यास पोर्ट यादीत दिसतो आणि फक्त उघडत नाही, इथे तर तो क्षणभर दिसून नाहीसाच होतो.

कुपवाड एमआयडीसीतील एका वर्कशॉपमध्ये उबंटू 22.04 वर मी हेच पाहिले. केबल जोडताच डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आदेशात) टीटीवाययूएसबी0 हा पोर्ट जोडल्याची ओळ आली आणि तिच्याखालीच तो सुटल्याची, शिवाय मध्ये 'बीआरएलटीटीवाय' हे नाव होते. हा दृष्टिहीनांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्रॅम असून काही ब्रेल उपकरणांचा यूएसबी क्रमांक 1ए86:7523 हाच असल्याने तो आपला बोर्डही ताब्यात घेतो. तो काढून टाकला की पोर्ट टिकतो, पण संगणक सामायिक असेल, विशेषतः कॉलेजच्या प्रयोगशाळेतला, तर कृपया तो काढू नका. एखाद्या विद्यार्थ्याचे सगळे वाचन त्यावर अवलंबून असू शकते. त्याऐवजी यूडेव्हच्या (जोडलेली उपकरणे हाताळणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेच्या) 85 ने सुरू होणाऱ्या बीआरएलटीटीवायच्या नियम-फाइलमधील 1ए86:7523 या यूएसबी क्रमांकाची तेवढी ओळ सुरुवातीला # टाकून कॉमेंट (निष्क्रिय) करावी, नियम पुन्हा लोड करावेत आणि केबल काढून परत जोडावी.