मदत हवी आहे: वाचनात अडखळणाऱ्या मुलाची तपासणी साताऱ्याजवळ कुठे होईल?

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. वर्गातला एक मुलगा तोंडी गणितं चटकन सोडवतो, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. लिहिताना मात्र काना-मात्रा गळतात, जोडाक्षरं सुटतात, 'ब' आणि 'व' यांची अदलाबदल होते. डोळे-कान तपासले, दोष नाही. पोरगं हुशार आहे हो, त्याला कुणी 'ढ' म्हटलं की जीव तुटतो.

मला अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचता-लिहिताना येणारी अडचण) शंका येते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आहे, पण सवलतींसाठी प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीव रुग्णालयात तपासणी होते. वडील रोजंदारीवर, तिथवर खेटे कसे घालणार? सातारा-कोल्हापूरकडे मराठीतून चाचण्या घेणारं सरकारी रुग्णालय कुणाला माहीत आहे का? आणि अशा मुलांना जोडाक्षरं कशी शिकवलीत, तेही सविस्तर सांगा.