नवा मॅक, जुनं डीजे सॉफ्टवेअर आणि फ्लॅक गाणी

प्रश्न: मंडळी, एम१ मॅकबुक (ॲपलच्या स्वतःच्या चिपवाला) घेतला आणि माझं जुनं डीजे सॉफ्टवेअर उघडतच नाहीये, त्यात गाणी सगळी फ्लॅकमध्ये (क्वालिटी न घालवता दाबलेल्या ऑडिओ फाइल) आणि शनिवारी हळदीची ऑर्डर आहे, काय करू?

उत्तर १: ३२ बिट, म्हणजे जुन्या पद्धतीचं असणार ते सॉफ्टवेअर. मॅकओएसचं कॅटालिना व्हर्जन आलं २०१९ ला, तेव्हापासून मॅकवर ३२ बिट बंद. रोझेटा २ (इंटेल मॅकची सॉफ्टवेअर एम१ वर चालवणारं ॲपलचं टूल) पण फक्त ६४ बिट इंटेलवालं चालवतं. नवीन व्हर्जन घे बाबा.

उत्तर २: फ्लॅकचं एआयएफएफ (न दाबलेली ऑडिओ फाइल) करून ठेव, क्वालिटी तीच राहते, जागा मात्र दुपटीच्या आसपास खातं. वेव्ह फाइलच्या नादी लागू नको, टॅगची (गाण्याचं नाव, गायक वगैरे माहितीची) बोंब असते. आणि पेनड्राइव्हवरून वाजवणार असशील तर डीजे प्लेअर मशीन कुठलं ते आधी बघ, सीडीजे २००० नेक्सस २ ला फ्लॅक चालतं, त्याच्या आधीच्या नेक्ससला नाही.

प्रश्नकर्ता: बरं, शनिवारपुरता भावाचा जुना लॅपटॉप उचलतो मग 😅